संस्कृती (साहित्यसमीक्षेतील संकल्पना)

संस्कृती म्हणजे निवडक ग्रंथ आणि कला, की माणसांचे सबंध जगणे? इंग्रजी साहित्यसमीक्षेत हा वाद एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. वरवर तो व्याख्येचा दिसतो. खरा मुद्दा संस्कृतीवर हक्क कोणाचा, हा आहे.

इंग्रज कवी-समीक्षक मॅथ्यू आर्नल्डच्या ‘कल्चर अँड अनार्की’ला (१८६९) लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८६६ साली मताधिकारासाठी झालेल्या दंगलीची पार्श्वभूमी आहे. जगातील उत्तमोत्तम विचार आणि वचने आत्मसात करून पूर्णत्वाकडे जाणे, ही त्याची संस्कृती. आर्नल्डने सुमारे ३५ वर्षे शाळा तपासल्या होत्या. संस्कृती शिकवता येते आणि ती वर्गभेद मिटवते, यावर त्याचा विश्वास होता. समीक्षक एफ. आर. लीव्हिसच्या १९३० मधील लेखनात हा आशावाद उरला नाही. यंत्रयुगातील चित्रपट, जाहिराती आणि बाजारू कादंबऱ्यांच्या लोंढ्यात संस्कृती जपणारे मूठभर जाणकारच, असे त्याने मानले.

कवी-समीक्षक टी. एस. एलियटने १९४८ मध्ये व्याख्या एकदम रुंद केली. संस्कृती ही समाजाची समग्र जीवनपद्धती, असे म्हणून त्याने इंग्रजांची यादीच दिली: डर्बीची घोडदौड, कुत्र्यांच्या शर्यती, वेन्स्लीडेल चीज, उकडलेला कोबी, संगीतकार एडवर्ड एल्गारचे संगीत. या यादीत खेळ आणि खाणे भरपूर, कष्ट मात्र नाहीत. वेल्समधील रेल्वे सिग्नलमनचा मुलगा रेमंड विल्यम्स याने ‘कल्चर अँड सोसायटी’त (१९५८) नेमके यावर बोट ठेवले. जीवनपद्धती समग्र असेल तर पोलादनिर्मिती, कोळशाच्या खाणी आणि शेअर बाजारही तिच्यात यायला हवेत. एलियटला मात्र संस्कृती टिकवण्यासाठी उच्चवर्ग आवश्यक वाटे; त्यामुळे त्याची व्याख्या रुंद असूनही लोकशाहीवादी नाही.

‘संस्कृती ही सर्वसामान्य गोष्ट आहे’, ही विल्यम्सची भूमिका. ‘द लाँग रेव्होल्यूशन’मध्ये (१९६१) त्याने आदर्श, लिखित-कलात्मक वारसा आणि सामाजिक जीवन असे तीन अर्थ वेगळे केले आणि कोणताही एक पुरेसा नाही, असे सांगितले. रिचर्ड हॉगर्टने १९६४ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात स्थापलेल्या केंद्रातून पुढे संस्कृती-अभ्यास ही ज्ञानशाखा वाढली.

या परंपरेला समीक्षक एडवर्ड सईदने ‘कल्चर अँड इम्पीरियलिझम’मध्ये (१९९३) घेतलेला आक्षेप अधिक बोचरा आहे. इंग्लंडची संस्कृती मोजताना विल्यम्सनेही साम्राज्याकडे फारसे लक्ष दिले नाही. जेन ऑस्टिनच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’ या कादंबरीतील घराची सुबत्ता अँटिग्वा या कॅरिबियन बेटावरील मळ्यांवर, म्हणजे गुलामांच्या श्रमांवर उभी आहे, याकडे सईदने वाचकांचे लक्ष वेधले.