न्गोरोंगोरो

टांझानियाच्या उत्तर भागातील एका मृत ज्वालामुखीचे महाकुंड आणि त्याभोवतीचे संरक्षित क्षेत्र. ते आरुशा प्रांतात सु. ३° १०′ द. अक्षांश व ३५° ३५′ पू. रेखांशावर आहे. कुंडाचा तळ सु. २६० चौ. किमी., व्यास १६ ते १९ किमी. व खोली सु. ६०० मी. भरते. काठाची उंची समुद्रसपाटीपासून सरासरी २,३०० मी. असल्याने विषुववृत्ताजवळ असूनही तेथे रात्री चांगलीच थंडी पडते. संरक्षित क्षेत्राचा विस्तार सु. ८,२९० चौ. किमी. असून कुंडाने त्यातील जेमतेम तीन टक्के जागा व्यापली आहे. ओल्डुवाई घळ व लाएतोली ही आदिमानवाच्या अवशेषांची स्थळे, ओल्मोती व एम्पाकाई ही लहान कुंडे आणि सेरेंगेटीच्या मैदानांचा आग्नेय भाग हे सारे याच क्षेत्रात मोडते.

प्रवासवर्णनांतून न्गोरोंगोरोला ‘जगातील सर्वांत मोठे ज्वालामुखी कुंड’ म्हटले जाते. त्यात दोन विशेषणे गळलेली असतात. पाण्याने न भरलेल्या आणि काठ कोठेही न फुटलेल्या महाकुंडांत ते सर्वांत मोठे मानतात, एवढेच. सुमात्रातील टोबा सरोवराचे कुंड त्याहून कितीतरी मोठे आहे.

नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. मासाई या येथील पशुपालक लोकांच्या गुरांच्या गळ्यातील घंटेचा ‘न्गोरो-न्गोरो’ असा नाद होतो, त्यावरून हे नाव पडले, ही कथा सर्वाधिक प्रचलित असून वाटाडे हीच सांगतात. दुसऱ्या मतानुसार मासाई येण्यापूर्वी येथे राहणाऱ्या दातोगा लोकांतील एका लढवय्या गटाचे ते नाव असावे व विजेत्या मासाईंनी ते स्थळाला दिले असावे. मासाई भाषेत नामाला सहसा ‘ओल’ किंवा ‘एन’ यांसारखा लिंगदर्शक उपसर्ग लागतो. ओल्मोती (स्वयंपाकाचे भांडे) व ओल्डोइन्यो लेंगाई (देवाचा डोंगर) ही शेजारची नावे त्याच घडणीची आहेत. न्गोरोंगोरो त्यांत सहज बसत नाही. त्यामुळे ते परक्या भाषेतून आले असण्याची शक्यता अधिक वाटते. पण हा पुरावा निर्णायक नव्हे. शेजारच्या ‘ओल्डुवाई’चे मूळ मात्र स्पष्ट आहे. तेथे उगवणाऱ्या रानटी घायपातासारख्या वनस्पतीला मासाई ‘ओल्डुपाई’ म्हणतात. युरोपीयांच्या कानांनी त्यात बदल केला.

उत्पत्ती : मराठी वाचकाला ‘विवर’ म्हटले की लोणार आठवते. तेथील खळगा उल्कापाताने बेसाल्टात पडला; न्गोरोंगोरोचा उल्केशी काही संबंध नाही. त्याला ज्वालामुखीचे ‘मुख’ म्हणणेही काटेकोर नाही. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीच्या (भूकवच ताणून खचल्याने बनलेल्या लांब दरीच्या) कडेला येथे एक मोठा ज्वालामुखी उभा होता. त्याच्या पोटातील शिलारस उद्रेकांतून बाहेर पडून कोठी रिकामी झाली, आधार सुटलेले छत वर्तुळाकार भेगेवरून खाली खचले आणि मूळ पर्वताचा बुंधा तेवढा काठ म्हणून उरला. अशा खचलेल्या कुंडाला भूशास्त्रज्ञ ‘कॅल्डेरा’ म्हणतात. शिखर स्फोटात उडून गेले, हे लोकप्रिय वर्णन त्यामुळे दिशाभूल करणारे आहे. स्फोट झालेच, पण खळगा मुख्यतः खचण्याने घडला.

मूळ पर्वत किलिमांजारोइतका उंच होता असे सांगतात. ४,५०० ते ५,८०० मी. हे आकडे उरलेल्या उतारांचा चढ वरपर्यंत वाढवून काढलेले अंदाज आहेत, याचे भान ठेवावे लागते. कालनिर्णयाबाबतही एकमत नाही. बऱ्याच ग्रंथांत २५ ते ३० लक्ष वर्षांपूर्वीचा काळ दिलेला आढळतो. अलीकडच्या किरणोत्सर्गी कालमापनात येथील लाव्हाचे वय साधारण साडेबावीस ते वीस लक्ष वर्षांच्या दरम्यान आले आहे. ओल्डुवाई घळीच्या थरांच्या तळाशी तप्त राखेच्या लोटांतून बनलेला सु. २० लक्ष वर्षांपूर्वीचा एक खडक सापडतो व त्याचा उगम न्गोरोंगोरोतच असल्याचे मानले जाते. या मेळामुळे नंतरचा काळ अधिक ग्राह्य वाटतो. पुरामानवशास्त्रज्ञ मेरी लीकी यांना १९५९ मध्ये ओल्डुवाईत मिळालेली, सु. साडेसतरा लक्ष वर्षांपूर्वीची मानवसदृश प्राण्याची कवटी या खडकाच्या वर साचलेल्या थरांतील आहे. लाएतोलीच्या राखेत उमटलेली पावले याहून फार जुनी, म्हणजे सु. ३६ लक्ष वर्षांपूर्वीची असून ती न्गोरोंगोरोच्या राखेतील नव्हेत.

तळावर मुंगे ओढा, न्गोइतोकितोक झरा, दलदली व मध्यभागी मागाडी हे उथळ सरोवर आहे. ‘मागाडी’ म्हणजे स्वाहिलीत सोडा. कुंडातून पाणी बाहेर जायला वाट नसल्याने क्षार साचत जातात. या बाबतीत मात्र लोणारशी साम्य आहे. कोरड्या ऋतूत सरोवर आक्रसते व काठाला पांढरी साय धरते. रोहित पक्ष्यांचे थवे पाण्याच्या मानाने कमीजास्त होतात. नैर्ऋत्येकडील लेराई वन पिवळ्या सालीच्या बाभूळवर्गीय वृक्षांचे आहे. सालीवर बोट घासले तर पिवळसर भुकटी लागते. युरोपीय प्रवाशांनी त्याला ‘तापाचे झाड’ म्हटले, कारण त्याच्या सावलीत मुक्काम केला की हिवताप येई. दोष अर्थात शेजारच्या दलदलीतील डासांचा होता. गेल्या काही दशकांत यांतील बरीच झाडे वाळली असून जमिनीतील वाढलेले क्षार हे त्याचे प्रमुख कारण समजतात.

प्राणिजीवन : कुंडात सु. २५,००० मोठे सस्तन प्राणी असल्याचा अंदाज आहे. विल्डेबीस्ट (मोठ्या कुरंगाची एक जात), झेब्रा, रानरेडे, गॅझेल (लहान कुरंग), पाणघोडे, सिंह व ठिपकेवाले तरस हे त्यांत प्रमुख होत. जिराफ तळावर नाहीत. उभे उतार व पाल्याच्या झाडांची कमतरता ही त्याची कारणे दिली जातात. हत्ती दिसतात ते बहुधा एकटेदुकटे मोठ्या सुळ्यांचे नर. माद्या व पिले काठावरच्या जंगलात राहतात. कुंड म्हणजे बंदिस्त प्राणिसंग्रहालय ही समजूत चुकीची आहे. पावसाळ्यात झेब्रांचा व विल्डेबीस्टांचा काही भाग चढून बाहेर जातो.

सिंहांच्या बाबतीत मात्र बंदिस्तपणा खरा ठरला. १९६२ मध्ये चावणाऱ्या माश्यांची प्रचंड पैदास होऊन जखमांनी जर्जर झालेले सिंह मेले आणि सु. दहाच उरले. आजचे सिंह या मूठभरांचे व त्यानंतर बाहेरून आलेल्या थोड्या नरांचे वंशज असल्याने त्यांच्यात आनुवंशिक विविधता कमी आढळते. तरस दुसऱ्यांच्या शिकारीवर जगतात, ही जुनी समजूतही येथेच मोडली. प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांच्या १९६० च्या दशकातील निरीक्षणांत तरस आपले बहुतेक भक्ष्य स्वतः मारतात व सिंहच पुष्कळदा ते हिसकावून घेतात, असे दिसून आले. काळ्या गेंड्यांची संख्या त्या दशकात शंभरावर होती; शिंगांसाठी झालेल्या चोरट्या शिकारीने ती १९९० च्या दशकात वीसच्या आत आली व पुढे काहीशी सावरली.

लोक व प्रशासन : मासाई येथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आले असावेत. दातोगांची काही थडगी लेराई वनाजवळ आहेत व त्यांचे वंशज त्यांना पवित्र मानतात. ऑस्कर बाउमान हा ऑस्ट्रियन संशोधक मार्च १८९२ मध्ये कुंडात उतरला, तेव्हा त्याला उपासमारीने हाडांचे सापळे झालेले मासाई भेटले. त्यांची गुरे बुळकांडीने मेली होती. ही साथ इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांमधून एरिट्रियात शिरली व ती गुरे भारतातून गेली असावीत, असे बरेच इतिहासकार मानतात. जर्मन अमदानीत झीडेनटोप्फ बंधूंनी तळावर शेती व पशुपालन केले. पहिल्या महायुद्धाबरोबर ते संपले.

सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानातून मासाईंना हलवताना १९५९ मध्ये न्गोरोंगोरो वेगळे काढले गेले. माणसे, गुरे व वन्य प्राणी एकत्र राहतील, हा त्यामागील विचार. तरीही १९७४ मध्ये तळावरील वस्त्या उठवल्या गेल्या आणि पुढील वर्षी शेतीवर बंदी आली. गुरे गेल्यावर गवत उंच वाढले, रानरेडे वाढले व आखूड गवतावर जगणारे विल्डेबीस्ट घटले, असे निरीक्षण आहे. गुरांमुळे वन्य जीवनाचा ऱ्हास होतो या गृहीतकाला ते सरळ छेद देते. १९५९ मध्ये क्षेत्रात सु. आठ हजार लोक होते. आता ते एक लक्षाच्या आसपास आहेत. २०२२ पासून शासन त्यांना टांगा प्रांतातील म्सोमेरा येथे हलवत आहे. स्थलांतर ऐच्छिक असल्याचे शासन सांगते. मासाई प्रतिनिधींना ते मान्य नाही. जागतिक वारसा यादीत न्गोरोंगोरोचा समावेश १९७९ मध्ये निसर्गासाठी झाला व २०१० मध्ये त्यात सांस्कृतिक निकषाची भर पडली.

पर्यटन : ‘सफारी’ हा शब्द स्वाहिलीत नुसता प्रवास या अर्थाचा असून मराठी ‘सफर’ व तो एकाच अरबी मुळाचे. आरुशाहून कारातू गावावरून पक्का रस्ता काठाच्या प्रवेशद्वारापर्यंत जातो. तळावर मात्र चारही चाकांना गती असलेल्या गाडीनेच, शुल्क भरून, सकाळी सहापासून उतरता येते. संध्याकाळी सहापूर्वी वर यावे लागते. तळावर मुक्कामाला परवानगी नाही. जून ते ऑगस्टमध्ये काठ सकाळी धुक्यात बुडालेला असतो, तेव्हा खाली पोचेपर्यंत काहीच दिसत नाही. मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ. विल्डेबीस्टांची वीण पाहायची तर फेब्रुवारीच्या सुमारास कुंडात न उतरता पश्चिमेच्या न्डुटू भागात जाणे श्रेयस्कर. गाडीतून पाय खाली ठेवता येतो तो ठरवून दिलेल्या मोजक्याच जागी. त्यांपैकी न्गोइतोकितोक झऱ्याकाठी घारी वरून झेप घेऊन हातातला घास उचलतात, म्हणून जाणते वाटाडे जेवण गाडीत बसूनच करायला लावतात.