प्लेटलेटचा काउंट वेगळा, प्लेटलेटचं काम वेगळं

पावसाळ्यात सांगली-मिरजेत डेंग्यूचे पेशंट वाढले की घरोघरी एकच चौकशी, पेशी किती आल्या? काल साठ हजार होत्या, आज चाळीसवर उतरल्या, आणि सगळं घर त्या एका आकड्याकडं डोळे लावून बसतं. आकडा महत्त्वाचा आहेच, पण तो फक्त प्लेटलेट किती आहेत ते सांगतो, जखम झाल्यावर त्या एकमेकींना चिकटतात का हे त्यात येत नाही. त्याची टेस्ट वेगळी असते आणि दोन्हीकडं प्रकाश वापरता येतो म्हणून लोकांना ते एकच वाटतं.

काउंटसाठी रक्त जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतात. मशीनमध्ये पेशी एकेक करून पुढं सरकतात, काही मशीन विजेच्या अडथळ्यावरून मोजतात तर काही लेझरवर. लेझरसमोरून पेशी गेली की प्रकाश विखुरतो, प्लेटलेट 2-3 मायक्रॉनची म्हणून कमी विखुरतो आणि लाल पेशी मोठी म्हणून जास्त. नॉर्मल म्हणजे एका मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख. काही जणांच्या प्लेटलेट त्या जांभळ्या ट्यूबमधल्या औषधामुळंच गोळा होतात आणि काउंट खोटा कमी येतो, अशा वेळी स्लाइड बघून निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये परत रक्त घेतात.

काम बघायचं असेल तर सुरुवातच निळ्या ट्यूबपासून, कारण जांभळीत कॅल्शियम पार बांधलं जातं आणि वरचे अपवाद सोडले तर प्लेटलेट चिकटायच्या म्हटलं तरी चिकटत नाहीत. रक्त मशीनमध्ये हळू गरगर फिरवलं की वर पिवळसर, धुरकट प्लाझ्मा येतो, त्यातच प्लेटलेट असतात. तो 37 डिग्रीला ठेवून आत बारीक चुंबक फिरवत ठेवतात आणि आरपार प्रकाश सोडतात. मग एडीपीचा, म्हणजे प्लेटलेटना चिकटायला लावणाऱ्या रसायनाचा, थेंब टाकला की ग्राफची रेघ आधी किंचित खाली जाते, कारण चपट्या प्लेटलेट गोल होऊन त्यांना काटे फुटतात, आणि मग गुठळ्या व्हायला लागल्या की धुरकटपणा जाऊन प्रकाश जास्त पार व्हायला लागतो, रेघ चढते. ही पद्धत गुस्ताव बॉर्न यांनी 1962 साली मांडली, क्वांटम फिजिक्सवाले मॅक्स बॉर्न यांचे हे चिरंजीव. कमीत कमी किती एडीपीला प्लेटलेट प्रतिसाद देतात, यावरून त्यांची संवेदनशीलता कळते. पण पार जाणारा प्रकाश सगळ्या ट्यूबची मिळून सरासरी दाखवतो, थोड्याच प्लेटलेटच्या बारीक गुठळ्या त्यात दिसत नाहीत. त्या पकडायच्या तर बाजूला विखुरणारा प्रकाश बघावा लागतो, मला ही पद्धत जास्त बोलकी वाटते.

अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्याचा काउंट अडीच लाख असू शकतो, तरी प्लेटलेट नीट चिकटत नाहीत. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळं अ‍ॅस्पिरिननं बंद पाडलेलं एन्झाइम ती नव्यानं बनवू शकत नाही, तिचं 7-10 दिवसांचं आयुष्य तसंच जातं. म्हणून ऑपरेशनआधी डॉक्टर या गोळीचं आवर्जून विचारतात. मनानं मात्र ती बंद करू नका, हार्टच्या पेशंटला ते महागात पडतं.

आता ब्लड बँकेतली पिशवी. प्लेटलेटची पिशवी ट्यूबलाइटसमोर धरून हलकेच हलवली तर आत चंदेरी लाटा फिरताना दिसतात, कारण चपट्या पेशी प्रवाहाबरोबर वळतात आणि प्रत्येक दिशेला प्रकाश वेगळा विखुरतात. पेशी जिवंत आहे म्हणजे साखर जाळत असते, ऑक्सिजन कमी पडला की त्या साखरेचं लॅक्टिक अ‍ॅसिड जास्त व्हायला लागतं, आंबटपणा फार वाढला की पेशी गोल होतात आणि लाटा जाऊन पिशवी एकसारखी मंद दिसते. त्या पिशवीचा काउंट काढला तर बऱ्यापैकी तेवढाच भरेल! लाटा दिसल्या म्हणजे सगळं ठीकच असं नाही, ती नुसती वरवरची तपासणी, पण गेल्या असतील तर शंका घ्यायलाच हवी.

मिरजेतून पिशवी घेऊन जतला किंवा आटपाडीला निघालेले नातेवाईक रक्ताच्या पिशवीसारखीच तीही बर्फाच्या डब्यात ठेवायला जातात. तसं करू नका, थंडीनंसुद्धा प्लेटलेट गोल होतात. ब्लड बँकेत ही पिशवी 20 ते 24 डिग्रीला सतत हलत ठेवलेली असते, तेव्हा बर्फ न घालता न्या, उन्हात ठेवू नका, आणि वाटेत कुठं न थांबता थेट वॉर्डात नेऊन द्या.