शेगा जि साउदाजी : ध्वनिमुद्रित आवृत्त्यांची तुलना

शेगा जि साउदाजी : ब्राझीलमधील बोसा नोव्हा या संगीतप्रकाराची सुरुवात ज्या गीतापासून झाली असे सामान्यतः मानले जाते, ते पोर्तुगीज भाषेतील प्रेमगीत. त्याचे संगीत आंतोनिओ कार्लोस जोबिम (१९२७–९४) यांचे असून शब्द कवी विनिसियस जि मोराइस (१९१३–८०) यांचे आहेत. मोराइस हे ब्राझीलच्या परराष्ट्र सेवेतील अधिकारी होते आणि जोबिम यांच्याबरोबर त्यांनी १९५६ मध्ये रिओ दी जानेरो येथे रंगभूमीवर आलेल्या एका संगीतनाटकासाठी काम केले होते. त्यातूनच या जोडीचा प्रारंभ झाला. ‘पुरे झाला हा विरह’ अशा अर्थाचे शीर्षक असलेले हे गीत १९५८ मध्ये प्रथम ध्वनिमुद्रित झाले. पुढील अर्धशतकात गायक, जॅझवादक आणि वाद्यवृंद यांनी ते पुन्हा पुन्हा मुद्रित केले. या आवृत्त्या शेजारी ठेवून ऐकल्या, तर बोसा नोव्हा म्हणजे नेमके काय, हे कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक स्पष्टपणे कळते.

गीताचा आशय साधा आहे. प्रेयसी दूर गेली आहे. प्रियकर आपल्या दुःखालाच दूत करून तिच्याकडे पाठवतो आणि तिच्यावाचून शांती नाही, सौंदर्य नाही, हा निरोप तिला द्यायला सांगतो. ती परत आली तर काय होईल, याचे स्वप्न उत्तरार्धात येते : समुद्रात पोहणाऱ्या माशांपेक्षाही अधिक चुंबने, लक्षावधी आलिंगने, आणि दूर राहण्याचा हा प्रकार कायमचा बंद. मोराइस यांनी येथे मासे आणि चुंबने या दोहोंसाठी पोर्तुगीजमधील लाडिक, लघुत्वदर्शक रूपे वापरून त्यांचे यमक जुळवले आहे. सुशिक्षित कवीने मुद्दाम स्वीकारलेला हा बालसुलभ स्वर गीताच्या पूर्वार्धातील खिन्नतेशी विसंगत वाटू शकला असता. तो तसा वाटत नाही, याचे श्रेय जोबिम यांच्या स्वररचनेला आहे.

पूर्वार्ध मायनर स्वरश्रेणीत आहे आणि ‘पण ती परत आली तर’ या आशयाच्या ओळीपाशी गीत त्याच आधारस्वरावरील मेजर श्रेणीत जाते. हिंदुस्थानी संगीताच्या परिभाषेत सांगायचे, तर षड्ज हलत नाही, मात्र कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार येतो. दुःखाकडून आशेकडे होणारे हे वळण शब्दांत जितके आहे तितकेच सुरांत आहे, म्हणूनच गाणे शब्दांशिवाय वाजवले तरी त्याचा अर्थ पुष्कळसा शिल्लक राहतो. श्रेणी बदलणारे विभाग आणि सतत वळणे घेणारी चाल यांत एकोणिसाव्या शतकात रिओमध्ये विकसित झालेल्या शोरो या वाद्यसंगीताचा वारसा दिसतो. अमेरिकन लोकप्रिय गीतांच्या रूढ बत्तीस बारांच्या (तालखंडांच्या) साच्यापेक्षा ही रचना बरीच लांब आहे, ही बाब पुढे जॅझवादकांच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली.

गीताचे पहिले ध्वनिमुद्रण एलिझेथ कार्दोझो (१९२०–९०) यांचे. जोबिम आणि मोराइस यांच्या गीतांना वाहिलेली त्यांची दीर्घवादन ध्वनिमुद्रिका फेस्ता या छोट्या कंपनीने १९५८ च्या पूर्वार्धात काढली. कार्दोझो त्या वेळी सांबा-कांसांव या संथ, भावप्रधान गानप्रकारातील मान्यवर गायिका होत्या. ‘दिव्य’ या अर्थाचे विशेषण रसिकांनी त्यांच्या नावाला कायमचे जोडले होते. त्यांचा आवाज भरदार आहे, दीर्घ स्वरांवर कंप आहे, आणि ओळीच्या शेवटी भावना वाढवत नेण्याची त्यांची पद्धत रंगमंचावरील गायनाची आहे. जोबिम यांचा वाद्यवृंदही याच परंपरेत राहून गायिकेच्या मागे भारदस्तपणे उभा राहतो. या आवृत्तीला केवळ पूर्वतयारी समजण्याची प्रथा पडली आहे, परंतु ती अन्यायकारक आहे. पूर्वार्धातील व्यथा इतक्या उघडपणे आणि इतक्या कसदार आवाजात नंतर फारच थोड्यांनी गायली आहे.

या ध्वनिमुद्रिकेतील दोन गीतांमध्ये, त्यांपैकी एक हे, एक अपरिचित गिटार ऐकू येते. ती वाजवणारा तरुण बाहिया राज्यातील झुआझेरू या गावचा जुआंव जिल्बेर्तो (१९३१–२०१९) होता. नायलॉनच्या तारांच्या गिटारवर अंगठ्याने खर्जाचे स्वर एकसारख्या अंतराने द्यायचे आणि उरलेल्या बोटांनी स्वरसंघात (कॉर्ड) एकदम छेडून ते ठोक्याच्या आगेमागे टाकायचे, अशी ती पद्धत होती. सांबा या ब्राझिली नृत्यसंगीताच्या मिरवणुकीतील मोठ्या ढोलाचे काम अंगठा करतो आणि तांबोरीं या लहान, हातात धरायच्या वाद्याचे काम बोटे करतात. संपूर्ण तालवाद्यवृंदाचा सारांश एका गिटारमध्ये येतो. मात्र कार्दोझो यांच्या गायनाखाली हा ठेका एखाद्या नव्या इमारतीच्या पायासारखा दडून राहतो. गायिका जुन्या लयीत गाते, गिटार नव्या लयीत चालते आणि दोघांची गाठ क्वचितच पडते.

त्याच वर्षी, जुलै महिन्यात, जिल्बेर्तो यांनी ओडियन कंपनीसाठी हे गीत स्वतः गाऊन मुद्रित केले. ते ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर निघाले आणि तिच्या दुसऱ्या बाजूला त्यांची स्वतःची एक छोटी रचना होती. पुढील वर्षी याच गीताचे नाव देऊन त्यांची पहिली दीर्घवादन ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तुलनेच्या दृष्टीने ही परिस्थिती दुर्मीळ आहे : दोन्ही आवृत्त्या एकाच वर्षातील आहेत, दोन्हींची वाद्यरचना स्वतः संगीतकाराची आहे आणि दोन्हींत गिटार एकाच माणसाची आहे. मुख्य बदल झाला तो गाणाऱ्यात, आणि तेवढ्याने गाण्याचा प्रकार बदलला.

हा बदल बहुतेकदा ‘हळू आवाजात गाणे’ या शब्दांत सांगितला जातो. जिल्बेर्तो खरोखरच बोलण्याच्या पट्टीत, कंप टाळून, मायक्रोफोनच्या अगदी जवळून गातात. परंतु मायक्रोफोनसमोर मृदू स्वरात गाणारे गायक त्यांच्या आधीही, ब्राझीलमध्ये आणि अमेरिकेत, होते. निर्णायक गोष्ट कालमापनाची आहे. त्यांच्या गिटारचा ठेका अचल असतो, आवाज मात्र त्याला बांधलेला नसतो. एखादा शब्द ठोक्याच्या किंचित आधी पडतो, पुढचा मागे रेंगाळतो आणि ओळ संपताना दोघे पुन्हा एकत्र येतात. कंप आणि जोर काढून टाकल्यामुळेच हे सूक्ष्म अंतर कानाला कळते, म्हणजे आवाजाचा मृदूपणा हा येथे परिणाम नसून साधन आहे. मिल्टन बनाना यांचे हलके ड्रमवादन आणि मोजक्या जागी येणारी बासरी व तंतुवाद्ये यांनी जोबिम यांनी या आवाजासाठी जागा मोकळी ठेवली. हे ध्वनिमुद्रण जेमतेम दोन मिनिटांचे आहे, तर कार्दोझो यांचे तीन मिनिटांहून मोठे.

भावनेवर याचा जो परिणाम होतो तो विशेष आहे. कार्दोझो यांच्या आवृत्तीत पूर्वार्ध वजनदार असल्यामुळे मेजर श्रेणीतील उत्तरार्ध दिलाशासारखा येतो. जिल्बेर्तो यांच्याकडे दुःख आणि आशा यांतील उंचीचा फरकच कमी केलेला आहे. श्रेणी बदलते, आवाज बदलत नाही. त्यामुळे लाडिक यमकांची ओळ कानात सांगितल्यासारखी सहज वाटते आणि ती पोरकट होत नाही. मोराइस यांच्या शब्दांना योग्य गायक येथे मिळाला, असे म्हणण्यास जागा आहे. काएतानो वेलोझो, जिल्बेर्तो जिल, शिको बुआर्के या पुढच्या पिढीतील रचनाकारांनी किशोरवयात हे ध्वनिमुद्रण ऐकल्याचा अनुभव आपल्या आयुष्यातील निर्णायक घटना म्हणून वारंवार सांगितला आहे.

१९६२ हे अमेरिकेत बोसा नोव्हाच्या लाटेचे वर्ष होते आणि हे गीतही तिच्याबरोबर तेथे गेले. जॅझगायक जॉन हेंड्रिक्स यांचा सहभाग असलेल्या इंग्रजी शब्दांमुळे ते ‘नो मोअर ब्लूज’ या नावाने जॅझवादकांच्या नित्य संग्रहात आले. हे भाषांतर नाही. मूळ गीतात निघून गेलेल्या प्रेयसीची आळवणी आहे. इंग्रजी गीतात भटकंतीला कंटाळलेला माणूस घरी परतण्याचा निश्चय करतो. निरोप पाठवणारा नायक स्वतःच प्रवासी झाल्यामुळे मेजर श्रेणीतील वळणाचा अर्थही बदलतो : मूळ गीतातील ‘ती आली तर’ ही अट जाते आणि तिच्या जागी निर्धार येतो. माशांची आणि चुंबनांची प्रतिमा तर नाहीशीच होते. इंग्रजी शब्द सफाईदार आहेत, गाण्यास सोयीचे आहेत, परंतु अटीमुळे येणारी मूळची हुरहूर त्यांत उरलेली नाही.

ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी यांनी त्याच वर्षी फ्रान्समधील रिव्हिएरा किनाऱ्यावरील मैफलीत केलेल्या मुद्रणात त्यांचा ट्रंपेट, सॅक्सोफोन व बासरीवादक लिओ राइट आणि अर्जेंटिनाचे पियानोवादक लालो शिफ्रिन यांना विस्ताराला भरपूर वाव मिळतो आणि दोन मिनिटांचे गीत त्याच्या कित्येक पट लांब होते. लांब आणि श्रेणी बदलणारी रचना उत्स्फूर्त वादनाला किती सामग्री पुरवते, हे येथे दिसते. गिलेस्पी यांचा क्यूबन तालांशी जुना परिचय असल्याने लय मात्र रिओपेक्षा अधिक उष्ण आहे. स्टॅन गेट्झ यांनी १९६२ मध्येच गॅरी मॅक्फारलंड यांच्या वाद्यवृंदरचनेसह मूळ पोर्तुगीज शीर्षकाखाली ते वाजवले. गेट्झ यांच्या टेनर सॅक्सोफोनचा श्वासयुक्त नाद मानवी आवाजाच्या फार जवळचा असल्यामुळे, मोठा वाद्यवृंद असूनही, शब्दरहित आवृत्त्यांपैकी ही मूळ गीताच्या भावाशी सर्वांत प्रामाणिक आहे.

जोबिम यांनी स्वतः १९६३ मध्ये वर्व्ह कंपनीसाठी केलेले वाद्यमुद्रण वेगळ्या कारणासाठी ऐकण्याजोगे आहे. क्लाउस ओगरमन यांच्या विरळ तंतुवाद्यरचनेत जोबिम पियानोवर पुष्कळदा एका वेळी एकच स्वर वाजवतात. चालीभोवतीचे सर्व अलंकार काढून घेतल्यावरही ती उभी राहते की नाही, याची जणू संगीतकाराने स्वतःच घेतलेली ही परीक्षा आहे. जोबिम यांच्या निधनानंतर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅक्सोफोनवादक जो हेंडरसन यांच्या संग्रहातही हे गीत आहे; तेथे हर्बी हॅनकॉक यांच्या पियानोसह ते पूर्णपणे जॅझ चौकडीचे होते. पियानोवादक गायिका एलियाने एलियास यांच्या २००८ मधील आवृत्तीत पोर्तुगीज गायन आणि जॅझ पियानो एकाच व्यक्तीकडे आहेत.

या सर्वांत जिल्बेर्तो यांच्या १९५८ च्या ध्वनिमुद्रणाला खरी जोड मिळते ती त्यांच्याच २००० मधील आवृत्तीची. केवळ आवाज आणि गिटार असलेल्या या संग्रहाची निर्मिती काएतानो वेलोझो यांनी केली आणि त्याला पुढील वर्षी जागतिक संगीताच्या गटातील ग्रॅमी पारितोषिक मिळाले. संग्रहाचे शेवटचे गीत हेच आहे. साठी ओलांडून बरीच वर्षे झालेल्या गायकाचा आवाज खालावला आहे, त्यात क्वचित खरखर येते. मात्र आवाज आणि ठेका यांतील अंतर १९५८ पेक्षा मोठे झाले आहे. काही ओळी गिटारच्या इतक्या पुढे धावतात की स्वरसंघात अजून मागचा असतो आणि शब्द पुढच्याचा. बासरी, तंतुवाद्ये, ड्रम हे सर्व काढून टाकल्यावर काहीच कमी झाल्याचे जाणवत नाही. कार्दोझो यांच्या मागे वाद्यवृंदाखाली झाकलेला तोच गिटारचा ठेका येथे पूर्ण उघडा ऐकू येतो, त्यामुळे ज्याला या गीताच्या दोनच आवृत्त्या ऐकायच्या असतील त्याने कार्दोझो यांचे १९५८ चे पहिले मुद्रण आणि जिल्बेर्तो यांचे हे शेवटचे निवडावे आणि दोन्हींत आवाजाऐवजी आधी अंगठ्याचा खर्ज ऐकावा.