गाडी उलटते ती कशामुळे?

पडद्यावर गाडी कोलांट्या खाते, तेव्हा तिच्याखाली काहीतरी दडवलेले असते. पूर्वी तो रॅम्प असे. एका बाजूची चाके त्यावर चढवायची, की गाडी कलंडते. पण रॅम्प कॅमेऱ्यापासून लपवायला आडोसा लागतो, आणि मोकळ्या किनाऱ्यावर तो आणायचा कुठून?

'मॅकक्यू' (१९७४) या अमेरिकी सिनेमातल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या पाठलागासाठी स्टंटमन हॅल नीडहॅमने रॅम्पच काढून टाकला आणि गाडीच्या तळात तोफ बसवली. जमिनीकडे तोंड असलेली पोलादी नळी, आत लाकडाचा ओंडका आणि बंदुकीची दारू. बटण दाबले की ओंडका जमिनीवर आदळतो आणि गाडीची ती बाजू वर फेकली जाते. चाचणीत दारू जास्त पडली, गाडी उंच उडून आपटली आणि नीडहॅमची पाठ मोडली. सिनेमातला शॉट दुसरा स्टंटमन गॅरी मॅकलार्टीने दिला.

पुढे दारूऐवजी दाबाखालचा नायट्रोजन आला. त्याचा दाब मीटरवर पाहून ठरवता येतो, हा मोठाच फायदा. बाकी कसब मात्र चालकाचे. गाडी सरळ धावताना तोफ उडाली, तर एक बाजू उचलून ती पुन्हा चाकांवर येते. म्हणून आधी स्टिअरिंग झटक्यात फिरवून गाडी आडवी घसरवायची, मग बटण. आत पोलादी पाइपांचा पिंजरा आणि घट्ट पट्टे लागतातच.

'कसिनो रोयाल' (२००६) या बाँडपटाच्या वेळी आधी रॅम्पच वापरून पाहिला. पण बाँडची ॲस्टन मार्टिन गाडी इतकी बुटकी आणि जमिनीला धरून धावणारी, की उलटेना. शेवटी तोफ बसवली आणि स्टंटमन ॲडम कर्लीने सात कोलांट्या घेतल्या. तो गिनीज विक्रम ठरला.

आपल्याकडे रोहित शेट्टीच्या 'सिंघम'सारख्या (२०११) सिनेमांनी उडत्या गाड्यांनाच ओळख बनवले. त्यात अतिशयोक्ती आहे आणि ती प्रेक्षकाला मान्यही आहे. अतिशयोक्ती खटकत नाही, वजन हरवले की खटकते. तीन मीटर उंचीवरून गाडी खाली यायला जेमतेम पाऊण सेकंद लागतो. संगणकावर रंगवलेली गाडी स्लो मोशन नसतानाही दोन सेकंद तरंगते आणि टेकल्यावर तिच्या स्प्रिंगा दबतसुद्धा नाहीत. रस्त्यावर रोज गाड्या पाहणारा डोळा हे लगेच पकडतो.