तारणाची खात्री

देवाने आपल्याला स्वीकारले आहे, पापांची क्षमा झाली आहे, अशी श्रद्धावंताला जिवंतपणीच लाभणारी निश्चिती म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्रातील तारणाची खात्री. तारण, म्हणजे पापापासून सुटका, होणे वेगळे आणि ते झाल्याची खात्री वाटणे वेगळे. हा भेद नजरेआड झाला की हळव्या मनाची माणसे विनाकारण होरपळतात, म्हणून तो आधीच नोंदवलेला बरा.

नव्या करारात या बाबतीत दोन सूर ऐकू येतात. आपण देवाची मुले आहोत याची साक्ष पवित्र आत्मा स्वतः देतो, असे प्रेषित पौल रोमकरांस पत्रात म्हणतो (८:१६). आपल्याला सार्वकालिक जीवन आहे हे वाचकांना कळावे म्हणूनच योहानाचे पहिले पत्र लिहिले गेले (५:१३). उलट इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात मागे फिरणाऱ्यांना दिलेला इशारा अंगावर काटा आणणारा आहे.

हा प्रश्न जिवावर बेतल्यासारखा कोणी अनुभवला असेल तर जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने. १५०५ मध्ये तो एरफुर्टच्या ऑगस्टिनियन मठात गेला. उपास, जागरणे, तासन्‌तास पापकबुली. तरी एखादे पाप सांगायचे राहिले तर काय, ही धास्ती सुटेना. त्याचे वरिष्ठ योहान फॉन श्टाउपित्स त्याला स्वतःकडे पाहणे सोडून ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहायला सांगत. पुढे रोमकरांस पत्राचा अभ्यास करताना त्याला उमगले की देवाची नीतिमत्ता ही केवळ शिक्षा करणारी नाही. ती विश्वासाने स्वीकारायची देणगी आहे. खात्रीचा पाया त्यामुळे माणसाच्या मनःस्थितीतून देवाच्या वचनात गेला, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयाचे मर्म तेच आहे.

रोमन कॅथलिक चर्चने १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेत यावर आक्षेप घेतला: देवाच्या दयेवर शंका घेऊ नये, पण आपण कृपेत आहोत हे कोणालाही अचूक श्रद्धा-निश्चितीने कळू शकत नाही. ही भूमिका निराशेची नाही. तीत आशा हाच सद्‌गुण आहे. १४३१ च्या खटल्यात ‘तू देवाच्या कृपेत आहेस का?’ असे विचारल्यावर फ्रान्सची वीरांगना जोन ऑफ आर्कने दिलेले उत्तर कॅथलिक परंपरेने जपले आहे: नसेन तर देव मला तिथे आणो, असेन तर तिथेच ठेवो. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबुर्ग येथे ल्यूथरन (ल्यूथरच्या परंपरेतील) व कॅथलिक प्रतिनिधींनी, माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो या विषयावर, सही केलेल्या संयुक्त घोषणेत खात्रीवर स्वतंत्र कलम आहे.

ल्यूथरनंतरचा धर्मसुधारक कॅल्विनने खात्रीला विश्वासाच्या व्याख्येतच बसवले होते. इंग्लंडमधील प्युरिटन, म्हणजे कडक आचारशुद्धीचा आग्रह धरणारे प्रोटेस्टंट, मात्र आचरणातल्या खुणा तपासू लागले आणि आत्मपरीक्षणाचे ओझे वाढले. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबाने, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत निवेदनाने, तोल सावरला: खऱ्या श्रद्धावंतालाही खात्रीसाठी दीर्घकाळ वाट पाहावी लागू शकते. कवी विल्यम कूपर हे त्याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण. आजही गायली जाणारी स्तोत्रे लिहिणारा हा माणूस १७७३ पासून १८०० मध्ये मरेपर्यंत, मनोविकाराच्या छायेत, देवाने आपल्याला टाकले आहे असेच मानत राहिला. त्याच्या भावनेवरून त्याचे तारण मोजणे हा घोर अन्याय ठरेल.

जॉन वेस्लीपासून सुरू झालेल्या मेथडिस्ट या प्रोटेस्टंट परंपरेत खात्री हा अनुभव मानला जातो. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील सभेत ल्यूथरची रोमकरांस पत्रावरील प्रस्तावना वाचली जात असताना जॉन वेस्लीला आपले अंतःकरण विलक्षण ऊबदार झाल्याचे जाणवले, ख्रिस्ताने माझी, माझीसुद्धा पापे दूर केली असे वाटले. तोवर तो पाळक होता, मिशनरी म्हणून अमेरिकेलाही जाऊन आला होता.

मराठी वाचकाला याचे जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात सापडते. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी १९०७ च्या साक्षीत लिहिले. स्त्रियांसाठीच्या शारदा सदनाचे काम चालू असताना, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, आपण पापी आहोत तशाच, कोणतीही लायकी न मिळवता ख्रिस्ताकडे येऊ शकतो हे त्यांना पटले. शास्त्रांचा अभ्यास, त्याग, लोकसेवा हे सारे गाठीशी असलेल्या बाईंनी ते पुढे न करता क्षमा स्वीकारली, यात या सिद्धांताचा खरा कस लागतो. १९०५ मध्ये त्यांच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये झालेल्या आध्यात्मिक जागृतीत मुली रडत पापे कबूल करत आणि नंतर क्षमेच्या आनंदाची साक्ष देत.