पान क्रमांक १३३९: वकिलीच्या टेबलावरची कृत्रिम बुद्धिमत्ता

अमेरिकेतील ‘फेडरल रिपोर्टर’ या निकालसंग्रहाच्या तिसऱ्या मालिकेतील ९२५ वा खंड काढून त्याचे १३३९ वे पान उघडले, तर पालकांविना देशात आलेल्या अल्पवयीन स्थलांतरित मुलींच्या हक्कांविषयीचा एक निकाल समोर येतो. हा निकाल २०१९ चा असून तो पान १२९१ वर सुरू होतो, आणि विमानप्रवासाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तरीही १ मार्च २०२३ रोजी न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्यातील संघीय न्यायालयात दाखल झालेल्या एका लेखी युक्तिवादात नेमके हेच खंड आणि हेच पान देऊन ‘वर्गीस विरुद्ध चायना सदर्न एअरलाइन्स’ नावाचा निकाल आधार म्हणून पुढे करण्यात आला होता. असा निकाल कोणत्याही न्यायालयाने कधीच दिलेला नव्हता.

दावा होता ‘माता विरुद्ध एव्हियांका’. (मराठी वाचकाला नावाने चकवा बसेल, माता हे वादीचे आडनाव आहे.) २०१९ मध्ये विमानात खाद्यपदार्थांची धातूची गाडी गुडघ्यावर आदळून इजा झाली, अशी वादीची तक्रार होती. दावा मुदतबाह्य आहे, असे विमान कंपनीचे म्हणणे होते, कारण माँट्रियल करारानुसार अशा दाव्याला दोन वर्षांचीच मुदत असते. मधल्या काळात कंपनीची दिवाळखोरीची कारवाई चालू होती, तेव्हा ही मुदत थांबते की नाही, हा खरा कायद्याचा मुद्दा होता. वादीच्या वकिलाने त्यासाठी चॅटजीपीटीकडे दाखले मागितले आणि त्याने ते दिले. शंका आल्यावर वकिलाने ‘वर्गीस हा खरा निकाल आहे का’ असेही त्यालाच विचारले, आणि ‘होय’ असे उत्तर मिळाले. न्यायमूर्ती पी. केव्हिन कॅस्टेल यांनी २२ जून २०२३ रोजी ५,००० डॉलर दंड केला. शिवाय ज्या खऱ्या न्यायाधीशांची नावे त्या बनावट निकालांवर घातली गेली होती, त्या प्रत्येकाला पत्र पाठवून हे कळवावे, असाही आदेश दिला. माझ्या मते दंडापेक्षा ही पत्रे लिहिणे अधिक जड गेले असेल.

या प्रकरणाची चर्चा बहुधा वकिलाच्या आळशीपणाची गोष्ट म्हणून होते. विज्ञानाच्या दृष्टीने कुतूहलाचा प्रश्न वेगळा आहे. निबंध, पत्रे आणि कविता बिनदिक्कत लिहिणारे हे यंत्र पान क्रमांकापाशीच का अडखळते, आणि अडखळले तरी ते आपल्याला कळत का नाही?

उत्तर समजून घेण्यासाठी आपल्याकडचा एक दाखला जवळून पाहू. केशवानंद भारती खटल्याचा दाखला वकील ‘एआयआर १९७३ एससी १४६१’ असा देतात. एआयआर म्हणजे नागपूरहून निघणारे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’, मग वर्ष, मग न्यायालयाचे संक्षिप्त नाव आणि शेवटी पान. चॅटजीपीटीसारख्या साधनांच्या मुळाशी जे लार्ज लँग्वेज मॉडेल, म्हणजे मराठीत ज्याला भाषा-प्रतिमान म्हणता येईल ते, असते, ते अफाट मजकूर वाचून एकच गोष्ट शिकलेले असते: आतापर्यंतचे शब्द पाहता पुढचा तुकडा कोणता येण्याचा संभव किती. ‘एआयआर’नंतर चार अंकी वर्ष येते, हे ते जवळजवळ खात्रीने सांगू शकते. वर्षानंतर ‘एससी’ किंवा एखाद्या उच्च न्यायालयाचे नाव येते, हेही. त्यानंतर एक आकडा येतो, इथवर त्याचा अंदाज बरोबर असतो. पण तो आकडा १४६१ का आणि १६४१ का नाही, याला कोणतेही व्याकरण नाही. तो तर्काने काढता येत नाही, तो पाठच असावा लागतो.

केशवानंद भारतीच्या बाबतीत तो पाठ होतो, कारण हा दाखला हजारो निकालांत, पुस्तकांत आणि लेखांत पुन्हापुन्हा आलेला आहे. कुळकायद्यावरचा किंवा वाटपाच्या दाव्यातला उच्च न्यायालयाचा एखादा निकाल मात्र शिकवणीच्या मजकुरात एखाद-दुसऱ्यांदाच आला असेल. त्याचा सूर, पक्षकारांच्या नावांची धाटणी आणि न्यायमूर्तींची भाषा हे सारे प्रतिमानाला ओळखीचे असते, पान तेवढे ठाऊक नसते. अशा वेळी जागा रिकामी सोडण्याऐवजी ते शोभेल असा आकडा लिहिते, कारण त्याची सारी घडण मजकूर पुढे नेण्यासाठीच झालेली आहे, आणि त्याची परीक्षा घेतानाही ‘माहीत नाही’ या उत्तराला फारसे गुण मिळत आलेले नाहीत. दाखला हा दिसायला वाक्याचा भाग असला, तरी प्रत्यक्षात तो पत्ता असतो. वाक्य पटण्याजोगे असले की भागते, पत्ता मात्र एकतर बरोबर असतो नाहीतर चूक. वकिलीत हे यंत्र जिथे जिथे फसते, तिथे तिथे वाक्य आणि पत्ता यांतल्या या फरकाकडे कोणीतरी दुर्लक्ष केलेले आढळते.

वकिलीत यंत्राची मदत घेणे ही काही २०२३ ची नवलाई नव्हे. न्यूयॉर्कच्या याच न्यायालयात २०१२ मध्ये न्यायदंडाधिकारी अँड्र्यू पेक यांनी एका खटल्यात सुमारे तीस लाख ईमेलच्या छाननीसाठी संगणकाधारित पद्धतीला मान्यता दिली होती. तिथे वरिष्ठ वकील काही हजार ईमेल स्वतः वाचून ‘संबंधित’ किंवा ‘असंबंधित’ असा शेरा मारतात, संगणक त्यावरून शिकून उरलेल्यांना क्रम लावतो, आणि मग यदृच्छेने काढलेले नमुने माणसाने तपासून चूक किती राहिली याचा अंदाज बांधला जातो. त्या पद्धतीत यंत्र वर्गवारी करते, स्वतःचे असे एक अक्षरही लिहीत नाही. ईमेल आधीपासून अस्तित्वात असतो. त्यामुळे चूक झालीच तर कामाचा कागद मागे पडेल, नसलेला कागद मात्र जन्माला येणार नाही. चूक कोणत्या प्रकारची होऊ शकते हे आधीच ठाऊक असल्याने तिच्यावर पहारा ठेवता येतो.

नव्या साधनांनी हा पहारा परत आणण्याचा प्रयत्न केला आहे. प्रतिमानाला स्मरणातून लिहू न देता आधी निकालांच्या भांडारात शोध घ्यायला लावायचे आणि सापडलेले उतारे समोर ठेवूनच उत्तर लिहायला सांगायचे, ही ती रीत. शोधही जुन्या पद्धतीने शब्दाला शब्द जुळवून होत नाही. प्रत्येक उताऱ्याचे रूपांतर शेकडो आकड्यांच्या एका मालिकेत केले जाते, जणू अर्थाच्या नकाशावर त्याला एक ठिकाण दिले जाते, आणि प्रश्नाच्या जवळ जे उतारे पडतात ते उचलले जातात. त्यामुळे ‘भाडेकरूने खोली परस्पर दुसऱ्याला दिली’ असे साध्या भाषेत विचारले, तरी पोटभाडेकरूविषयीचे निकाल हाती लागतात. ज्याने अचूक शब्द न सुचल्यामुळे तासन्‌तास शोध घेतला आहे, त्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

पण या नकाशाची एक खोड आहे. ‘भाडेकरूला घराबाहेर काढता येते’ आणि ‘भाडेकरूला घराबाहेर काढता येत नाही’ ही दोन वाक्ये त्यावर अगदी शेजारी-शेजारी पडतात, कारण विषय एकच आहे. वकिलाच्या दृष्टीने मात्र त्या एका ‘नाही’त सगळा खटला असतो. दुसरी अडचण निकालाच्या सद्यःस्थितीची. आणीबाणीतील एडीएम जबलपूर खटल्याचा १९७६ चा निकाल खराखुरा आहे, त्याचा पत्ता बरोबर आहे, मजकूरही अस्सल आहे. आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नाही, असे ठरवणाऱ्या चार विरुद्ध एक अशा त्या निकालात न्यायमूर्ती एच. आर. खन्ना एकटे पडले होते. खासगीपणाच्या हक्काविषयीच्या पुट्टस्वामी खटल्यात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताचा तो निर्णय मोडीत काढला आणि खन्ना यांची भूमिका योग्य ठरवली. केवळ मजकुराच्या साम्यावर चालणारे यंत्र बहुमताचा उतारा उचलून तो आजचा कायदा म्हणून मांडू शकते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये वकिलांसाठी खास बनवलेली, शोधून लिहिणारी अशी साधने तपासली, तेव्हा सतरा ते तेहतीस टक्के उत्तरांत काही ना काही खोटे किंवा आधाराशी न जुळणारे आढळले. म्हणजे सहापैकी एक ते तीनपैकी एक. सर्वसाधारण चॅटबॉटच्या तुलनेत ही सुधारणाच आहे, पण या प्रमाणात चुकणाऱ्या ज्युनियरला कोणताही सीनियर न तपासता सही करू देणार नाही.

भारतात याच्या जोडीला आणखी एक गुंता आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी तीन नवे कायदे आले. ‘चारसोबीस’ हा शब्द भाषेत राहील, पण फसवणुकीचे कलम आता ३१८ (४) आहे. यातील सर्वांत फसवा आकडा ४८२. जुन्या प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. गुन्हा रद्द करून मागण्याचे अर्ज याच कलमाखाली होत. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो पूर्वी ४३८ खाली मिळत असे, आणि अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. पन्नास वर्षांचे निकाल वाचून तयार झालेल्या प्रतिमानाच्या लेखी ‘४८२’ आणि ‘गुन्हा रद्द’ यांची गाठ घट्ट बसलेली आहे. ती सोडवायला नव्या कायद्याखालचा मजकूर जुन्याच्या मानाने फारच थोडा. माणसांचीही सवय सुटलेली नाही, हे मान्य. पण माणूस गोंधळला की कलमाचे पुस्तक उघडतो.

न्यायालयांनी स्वतः हे तंत्र जिथे आणले, ती कामे बरीचशी सावध निवडलेली दिसतात. निकालांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ ही प्रणाली नोव्हेंबर २०१९ मध्ये आली. प्रकरणातील कागदपत्रांचे वाचन आणि तथ्ये वेचून काढणे यांत न्यायाधीशांना मदत करणारी ‘सुपेस’ ही प्रणाली एप्रिल २०२१ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश, मूळचे नागपूरचे शरद बोबडे यांच्या हस्ते सुरू झाली. युक्तिवाद ऐकता ऐकता त्याचा लेखी उतारा तयार करण्याचा सर्वोच्च न्यायालयातील प्रयोग २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाला, तोही महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाच्या सुनावणीत. अशा उताऱ्याची शहानिशा करणे सोपे असते, कारण बोललेले शब्द ध्वनिमुद्रित असतात आणि बोलणारे वकील समोर असतात. भाषांतराचे तसे नाही. ‘लीव्ह ग्रँटेड’ म्हणजे अपिलाला परवानगी. यंत्राने त्याची ‘रजा मंजूर’ केल्याचा किस्सा न्यायवर्तुळात सांगितला जातो. हे वाचून आपण हसतो, कारण चूक उघडी पडते. निकाल मराठीत वाचणाऱ्या पक्षकाराला न कळणारी चूक ‘शकतो’ आणि ‘पाहिजे’ यांच्या अदलाबदलीत लपलेली असते, आणि कायद्यात त्या दोन शब्दांमधले अंतर फार मोठे आहे.

खोट्या पत्त्यांची लागण आपल्याकडेही पोहोचली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकराचा एक निर्धारण आदेश रद्द करून प्रकरण पुन्हा निर्णयासाठी पाठवले, कारण त्यात आधार म्हणून घेतलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेने पुढे केलेल्या निष्कर्षांवर अर्धन्यायिक अधिकाऱ्याने डोळे झाकून विसंबू नये, ते पडताळूनच वापरावेत, असे न्यायालयाने बजावले. हे प्रकरण न्यूयॉर्कच्या घटनेपेक्षा मला अधिक अस्वस्थ करते. तिथे चूक एका पक्षाच्या वकिलाची होती आणि ती पकडायला समोर दुसऱ्या बाजूचा वकील होता. त्यानेच प्रथम कळवले की हे निकाल सापडत नाहीत. इथे बनावट दाखला खुद्द आदेशात होता, आणि तो शोधण्यासाठी करदात्याला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी जे धोरण जाहीर केले, त्यात ही साधने वापरून निष्कर्ष, आदेश किंवा निकाल ठरवायचा नाही, अशी स्पष्ट मनाई आहे. सर्वांसाठी खुल्या असलेल्या ऑनलाइन साधनांत प्रकरणाची माहिती भरण्यालाही त्यात चाप लावला आहे. हा मुद्दा वकिलांनाही तितकाच लागू आहे. अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही, हे बंधन नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये कायम आहे, आणि कैफियत लिहून घेण्यासाठी अशिलाची सगळी हकिगत दूरच्या सर्व्हरवर धाडताना आपण ते ओलांडत तर नाही ना, हा विचार थोडेच करतात.

पत्ता तपासणे आता पूर्वीइतके खर्चाचे राहिलेले नाही. एके काळी त्यासाठी निकालसंग्रहांच्या रांगा असलेले ग्रंथालय लागे, आणि तालुक्याच्या बार रूममध्ये एखादे कपाट असले तरी पुष्कळ. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या अधिकृत निकालसंग्रहाची ई-आवृत्ती सर्वांना विनामूल्य खुली केली, आणि त्याच वर्षी प्रत्येक निकालाला कोणत्याही प्रकाशकाच्या खंड-पानावर अवलंबून नसलेला स्वतंत्र क्रमांक देण्यास सुरुवात झाली: वर्ष, ‘आयएनएससी’ ही अक्षरे आणि अनुक्रमांक. चॅटबॉटने दिलेला असा क्रमांक तिथे टाकायचा. निकाल उघडतो, किंवा उघडत नाही. उघडलाच, तर तो वाचायचे काम उरते.