अवयव न शोधता ओळखलेली मूळ संख्या

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. ही ३९ अंकी संख्या म्हणजे २^१२७ − १ (२ चा १२७ वा घात, वजा १). ती मूळ असल्याचं फ्रेंच गणिती एदुआर ल्युका याने १८७६ साली दाखवलं आणि पुढची ७५ वर्षं तिच्याहून मोठी मूळ संख्या कुणाच्या हाती लागली नाही. निव्वळ हाती आकडेमोड करून सिद्ध झालेल्या मूळ संख्यांत ती आजही सर्वांत मोठी आहे.

या संख्येवर पहिलं बोट ठेवलं मर्सेन या पाद्र्याने. २ च्या कोणत्या घातातून १ वजा केला की मूळ संख्या मिळते, याची २५७ पर्यंतची यादी त्याने १६४४ मध्ये दिली. पडताळणी त्याच्या आवाक्यात नव्हती. यादीतले ६७ आणि २५७ हे घातांक चुकीचे निघाले. ६१, ८९ आणि १०७ राहूनच गेले. १२७ मात्र बरोबर होता.

ऑयलर या गणितज्ञाने १७७२ मध्ये २^३१ − १ मूळ असल्याचं सिद्ध केलं. भाजक ठरावीक घडणीचेच असू शकतात हे सिद्ध करून ४६,३४० पर्यंतचे, म्हणजे तिच्या वर्गमुळापर्यंतचे, तेवढेच त्याने तपासले. २^१२७ − १ साठी हीच मर्यादा २० अंकी होते, म्हणजे भागून बघण्याचा रस्ताच बंद.

ल्युकाने भाजक शोधण्याचा नादच सोडला. ३ पासून सुरुवात करायची, वर्ग करून २ वजा करायचे, मूळ आहे का हे तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवायची आणि पुन्हा तेच; घातांकाहून दोनने कमी इतक्या पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली तर संख्या मूळ. १२७ ही संख्या स्वतः २^७ − १ आहे. तिच्यासाठी ३, ७, ४७, ४८, १६, ० अशी साखळी येते. पाचव्या पायरीला शून्य आलं, म्हणून १२७ मूळ. २^१२७ − १ साठी अशा १२५ पायऱ्या लागतात, आणि प्रत्येकीत ३९ अंकांपर्यंतच्या संख्येचा वर्ग! ही मेहनत थक्क करते, पण मला त्याहून मोठी वाटते ती यामागची कल्पना. संख्येचा एकही अवयव माहीत नसताना तिची जात कळते. २^६७ − १ मूळ नाही हेही ल्युकानेच १८७६ मध्ये सांगितलं; तिचे अवयव, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७, कोल या गणितज्ञाने १९०३ मध्ये काढले.

लेमर या गणितज्ञाने १९३० च्या सुमारास ही कसोटी सोपी आणि सर्व विषम मूळ घातांकांना लागू पडेल अशी केली. २०२४ मध्ये सापडलेल्या २^१३६२७९८४१ − १ या ४,१०,२४,३२० अंकी संख्येची खात्रीही तिनेच पटवली.

कातालान या गणितज्ञाने एक गंमत टिपली होती. २, ३, ७, १२७ आणि मग ल्युकाची संख्या: दर वेळी आधीची संख्या २ चा घातांक म्हणून वापरून १ वजा केला की पुढची मिळते, आणि या पाचही मूळ आहेत. सहावीचे अंकच इतके आहेत की ती लिहूनही काढता येणार नाही, मग ल्युकाची कसोटी लावणं दूरच. ती मूळ आहे की नाही, हा प्रश्न अजून खुला आहे.